मिस्त्रींचा जबाब

लेकीने वडिलांचं नाक चिमटीत धरलं, डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि पेला ओठांना लावून सगळाच्या सगळा आत ओतला. निम्मं घशाखाली उतरलं, निम्मं बनियनवर सांडलं.

"काय गं हे? नुसती आग आहे."

"औषध आहे. गिळा, बाबा. थुंकायचं नाही."

"अगं, पोटात ढवळतंय..."

"ढवळू दे. हा अजून एक."

सकाळचे आठ वाजले होते. बाथरूमच्या ओल्या फरशीवर वडील पाय पसरून बसले होते आणि झरोक्यातून येणारं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर पडत होतं. पापणी लवत नव्हती. पहाटेपासून त्यांना उलट्या होत होत्या. पित्त असेल म्हणून आईने लिंबाचं पाणी दिलं आणि ती सात वाजता आपलं शिवणाचं दुकान उघडायला गेली. लेकीचाही पित्तावर विश्वास बसला असता. पण दात घासायला उठलेल्या वडिलांनी "माझा ब्रश कुठे ठेवलात?" असं विचारलं, तेव्हा ब्रश त्यांच्या हातातच होता.

"सगळं पांढरं झालंय," ते आता म्हणाले. "धुक्यात गाडी घातल्यासारखं. समोर तूच आहेस ना?"

"मीच आहे. तोंड उघडा."

तिने तिसरा पेला भरला. किती पाजायचं हे तिला नीट माहीत होतं. वडील जिथे मिस्त्री होते त्याच कंपनीत ती सुरक्षा अधिकारी होती. प्रशिक्षणात हे शिकवलेलं होतं. मेथॅनॉल पोटात गेलं तर त्याच्यावर साधी दारू हाच पहिला उतारा. शरीर आधी दारू पचवायला घेतं, तोवर मेथॅनॉलकडे बघत नाही, आणि माणसाला दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळतो. बाटली तिच्या कपाटात साड्यांखाली दडवलेली होती. नव्या गाडीचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा संचालकांनी प्रत्येक अधिकाऱ्याला एकेक भेट दिली होती. तिने ती कुणाला देऊनही टाकली नव्हती आणि उघडलीही नव्हती. ह्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. आईचा एकुलता एक भाऊ दारूने गेला होता, आणि स्वतःचं लग्न ठरताना आईने मुलाचं शिक्षण विचारलं नव्हतं, पगार विचारला नव्हता, फक्त पितो का एवढं विचारलं होतं.

वडिलांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. म्हणूनच तोंडात काय ओतलं जातंय हे त्यांना ओळखता आलं नाही.

खाली अॅम्ब्युलन्स वाजली. लेकीने पेला विसळला, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जिना उतरताना इमारतीच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. आईला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, इतकाच विचार तेव्हा मनात होता. निदान नंतर तिने स्वतःला तसंच सांगितलं.

इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने वडिलांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली, तोंडाजवळ वाकला आणि विचारलं, "किती प्यायलेत?"

"ते पीत नाहीत. मेथॅनॉल गेलंय अंगात. कामावर."

"पीत नाहीत? मग हा वास कसला?"

लेकीने मागे पाहिलं. कंपनीच्या शेडचा फोरमन धापा टाकत येऊन तिच्यामागे उभा राहिला होता. तिनेच त्याला फोन करून मिस्त्री आज येणार नाहीत असं कळवलं होतं. तो कान टवकारून ऐकत होता. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याला दुसरं वाक्य जोडलेलं होतं, दुसऱ्याला तिसरं. मेथॅनॉलच गेलंय हे तुला इतक्या झटकन कसं कळलं? गेलं कुठून? आणि तिथे धोक्याची घंटा नव्हती का?

"आधी उपचार सुरू करा, डॉक्टर," ती म्हणाली. "वेळ घालवू नका."

डॉक्टरने वेळ घालवला नाही. नर्सने रक्त काढून घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टरने रक्त शुद्ध करायचं यंत्र जोडायला सांगितलं आणि स्वतः केसपेपरवर एक ओळ खरडली: दारूबरोबर मेथॅनॉल प्यायल्याचा संशय.

वडील वाचले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांचे मोठे डॉक्टर आले, बराच वेळ तपासत राहिले आणि म्हणाले की डोळे शाबूत आहेत, मागची नस गेली आहे.

"किती दिवस लागतील?" वडिलांनी विचारलं. गाडी गॅरेजला लावताना गिऱ्हाईक विचारतं तशा सुरात.

"आता असंच, आजोबा."

वडील साठीचेही नव्हते. आयुष्यभर कुणी त्यांना आजोबा म्हटलं नव्हतं.

कंपनी फ्युएल सेलवर चालणाऱ्या गाड्या बनवत होती. हायड्रोजनच्या टाकीला लोक बिचकतात, घराखाली बॉम्ब उभा केल्यासारखं वाटतं त्यांना. म्हणून ह्या कंपनीने मेथॅनॉल निवडलं. साध्या टाकीत भरायचं, गाडीतच त्यातून हायड्रोजन काढायचा, त्याची वीज करायची. दाब नाही, स्फोट नाही. 'पाण्यासारखं इंधन' असं जाहिरातीत लिहिलेलं होतं, आणि दिसायला ते होतंही पाण्यासारखं. पोटात गेलं, वाफ होऊन फुप्फुसात गेलं, नुसतं कातडीतून मुरलं तरी ते आधी डोळे खातं आणि मग माणूस, हे कंपनीच्या सुरक्षा पुस्तिकेत पान सातवर होतं. ते पान लेकीनेच लिहिलं होतं.

वडिलांना तिथे तिनेच लावलं होतं. त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज बंद पडलं, ते घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाची यंत्रं खोलायला लागले, तेव्हा तिने फोरमनकडे शब्द टाकला. महिन्याभरात शेडमधली पोरं अडलं की "मिस्त्रींना बोलवा" म्हणायला लागली. मिस्त्री बोनेटवर हात ठेवत, मान तिरकी करून ऐकत आणि बिघाड सांगत. लेक समोरून आली की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत, "काय साहेब, आज कुणाला दंड?" आणि पोरं हसत.

शेडमध्ये गाडीखाली उतरून काम करायचे दोन खड्डे होते. मेथॅनॉलची वाफ जड, ती खाली बसते. म्हणून प्रत्येक खड्ड्यात एक गॅस डिटेक्टर लावलेला. वाफ वाढली की तो कर्कश ओरडे आणि वरचा हिरवा दिवा लाल होई. पोरं त्याला कोंबडा म्हणत. दोन नंबरच्या खड्ड्यातला कोंबडा वडील आजारी पडायच्या दोन आठवडे आधी दिवसातून सात-आठ वेळा आरवत होता. दर वेळी सगळ्यांनी बाहेर यायचं, पंखे लावायचे, अर्धा तास थांबायचं. परवाना समितीला दाखवायच्या गाड्या तशाच अर्धवट उभ्या. फोरमन रडकुंडीला आला. वडीलही एकदा वैतागून म्हणाले होते, "साहेब, तुमच्या ह्या कोंबड्याची मान पिरगाळा बुवा एकदा."

तिने हातातल्या मीटरने एकदा तपासलं. आकडा फार नव्हता. डिटेक्टरच बिघडलाय असं तिने ठरवलं, नवा मागवला, आणि तो येईपर्यंत वायरचा एक तुकडा टाकून जुन्याला जोडणीतून वगळलं. कोंबडा गप्प झाला. दिवा हिरवा राहिला. तशी नोंद करून तिने सही केली.

संचालकांनी तिला पाचव्या दिवशी बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"बस. बाबा कसे आहेत?"

"जिवावरचं टळलं, सर."

"ते महत्त्वाचं." त्यांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं. माणूस कधी आवाज चढवत नसे. त्यांच्या हाताखालचे लोक त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत. "समिती तीन आठवड्यांनी येतेय. शहरातल्या पंपांवर आपलं इंधन विकू द्यायचं की नाही, ते ठरवणार. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आहे. साहजिक आहे, विचारणारच." त्यांनी पहिला कागद तिच्याकडे सरकवला. "हा इस्पितळाचा. दाखल होताना घेतलेल्या रक्ताचा. मेथॅनॉल आहे आणि दारूही आहे, बऱ्यापैकी." मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा तुझा. खड्डा क्रमांक दोन. नऊ दिवस."

ती कागदाकडे पाहत राहिली. आपली सही तिला फार मोठी वाटली.

"दोन्ही कागद खरेच आहेत," संचालक म्हणाले. "पण समितीपुढे दोन्ही ठेवायलाच हवेत असं नाही. एखादा मिस्त्री पिंपातलं काढून दारूत घालून प्यायला, तर त्याला इंधन काय करणार? लोक डिझेलसुद्धा पितील, म्हणून कुणी डिझेल बंद करत नाही."

"माझे बाबा पीत नाहीत, सर."

"मग ही रक्तात कुठून आली?"

त्यांनी ते मनापासून विचारलं होतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. टेबलावर कोपरं टेकून, तिच्याकडे बघत ते उत्तराची वाट पाहत राहिले. तिने पाण्याचा पेला उचलला, थोडं प्यायली, पेला होता तिथेच बरोबर ठेवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ, मुलांनाही बापाबद्दल सगळं कुठे माहीत असतं," संचालक हळुवारपणे म्हणाले आणि त्यांनी तिच्या सहीचा कागद खणात टाकून खण लावून घेतला.

घरी आणताना इस्पितळाने जे कागद दिले ते आईने टेबलाशी बसून, चष्मा लावून, शिवणाचं माप वाचावं तसं बोट फिरवत वाचले. एका ओळीशी बोट थांबलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढला, घडी केली आणि आतल्या खोलीत गेली. वडील पलंगावर बसून उशीच्या कडा चाचपत होते.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"काय कधीपासून?"

"किती वर्षं मला बनवताय ते विचारतेय."

"अगं, काय बोलतेस?"

"रक्तात निघालीय. छापून आलंय. आता तरी खोटं बोलू नका."

वडील उठायला गेले, गुडघा पलंगाच्या कडेवर आपटला. "मी थेंब घेतलेला नाही. कुणाचीही शपथ घालून विचार. कागद चुकला असेल. ही होती ना त्या सकाळी, हिला विचार. साहेब, सांगा हिला!"

लेक दारात उभी होती. आई तिच्याकडे वळली. आईचे डोळे कोरडे होते आणि त्यांत अजून थोडीशी जागा होती. लेक काय म्हणते ते ठेवायला जेवढी लागेल तेवढीच.

"तू होतीस घरात. तूच उचललंस त्यांना. वास येत होता?"

लेकीने चौकटीवर हात ठेवला.

"येत होता," ती म्हणाली.

हे खरं होतं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. वडिलांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, आणि थोडं चुकलं; ते तिच्याऐवजी कपाटाकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून आई नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. आरडाओरडा नाही, रडणं नाही. ताट समोर आणून ठेवी, पण ठेवलं आहे हे सांगत नसे. वडील वासावरून अंदाज घेत हात पुढे करत आणि बोटं आमटीत बुडत. खुर्ची झाडायला सरकवली की पुन्हा जागेवर येत नसे. बाथरूमकडे जाताना वडील भिंत धरून पावलं मोजत, आणि चौदाव्या पावलाला कुठलीतरी बादली पायात येई. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे नीट करणारी बाई नवऱ्याच्या शर्टाची गुंडी एक घर सोडून लागलेली पाही आणि तशीच दुकानाला निघून जाई. लेक गुंडी नीट करायला गेली तर वडील म्हणत, "राहू दे. तुला उशीर होईल."

रविवारी शेडमधली माणसं भेटायला आली. फोरमन आणि आणखी तिघे. काय बोलावं हे कुणाला सुचेना, म्हणून त्यांतल्या सगळ्यांत गमत्या माणसाने तोंड उघडलं.

"काय मिस्त्री, एकटे एकटेच? आम्हाला सांगायचं तरी. जोडीला बसलो असतो."

सगळे हसले. हसून मोकळे झाल्यासारखे वाटले त्यांना. दुसऱ्याने पुढे ढकललं, "आणि काय कॉकटेल होतं हो? गाडी चालते त्यावर मिस्त्री चालतील म्हटलं असेल!"

वडीलही हसले. ओठ हसले. मग म्हणाले, "पंपाचा तो खालचा जॉइंट बदललात का? त्या पांढऱ्या गाडीचा. थेंब थेंब गळत होता. माझी पॅन्ट दिवसभर ओली होती त्याने."

फोरमनने घड्याळात पाहिलं. "बदलला, बदलला," तो म्हणाला. "तुम्ही आता ते काही डोक्यात ठेवू नका."

ते गेल्यावर वडील खिडकीशी बसून राहिले. लेक कप उचलत होती. आई दुकानात होती. रविवारीही ती हल्ली घरी थांबत नसे.

"बस जरा इथे," वडील म्हणाले. "एक बिघाड शोधायचाय."

ती स्टूल ओढून बसली. त्यांनी मान तिरकी केली, अगदी शेडमध्ये करत तशी.

"रक्तात दोन गोष्टी निघाल्या. एक मेथॅनॉल. ते कळलं. जॉइंट गळत होता, कपडे भिजले, खड्ड्यात वाफ होती. बरोबर?"

"बरोबर."

"दुसरी दारू. मी प्यायलो नाही. हे मला माहीत आहे; बाकी कुणाला नसलं तरी मला आहे. म्हणजे मी घेतली नाही तर कुणीतरी दिली. रक्त काढलं इस्पितळात शिरल्या शिरल्या. त्याच्या आधी मी कुणाच्या हातचं काय घेतलं?" ते थांबले. "तुझ्या आईने लिंबाचं पाणी दिलं. आणि तू औषध."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चार वेळा किक मारली, पाचव्या वेळी लागली. वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि मग विचारलं:

"काय होतं ते?"

"दारू," ती म्हणाली.

"का?"

तिने सांगितलं. शरीर आधी काय पचवतं, मग काय. किती वेळ मिळतो. नसती पाजली तर काय झालं असतं. ती भरभर बोलत होती, पान सात वाचल्यासारखी.

"म्हणजे माझा जीव तू वाचवलास."

"हो."

"मग हे आईला सांगायला काय झालं तुला? चांगलंच आहे की सांगण्यासारखं." त्यांच्या आवाजात तेव्हाही राग नव्हता, खरोखरच कोडं पडलेलं होतं. आणि मग बहुतेक त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं, कारण मान सरळ झाली. "कोंबडा ओरडला नाही. नऊ दिवसांत एकदाही नाही. एवढी वाफ असताना."

"मी बंद केला होता, बाबा. नवा यायचा होता. तुम्हीच म्हणाला होतात—"

"मी बंद कर म्हटलं होतं. दिवा?"

तिने हातातला कप खाली ठेवला.

"दिवा हिरवा होता," वडील म्हणाले. "मी रोज आधी दिवा बघायचो आणि मग शिडी उतरायचो. पोरांनाही सांगायचो, दिवा बघून उतरा रे. मला वाटलं, तू नवा बसवलास."

"दिवा बंद ठेवला तर नियमाने खड्डाच बंद करावा लागतो. गाड्या राहिल्या असत्या." तिने त्यांचा हात धरला. "हे बाहेर आलं तर माझ्यावर खटला होईल. मी तुरुंगात जाईन, बाबा."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तो तिच्या हातात पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "संध्याकाळ झाली का गं?"

"नाही. अजून ऊन आहे."

"हं," ते म्हणाले.

समितीच्या बाई गुरुवारी सकाळी घरीच आल्या. आंधळ्या माणसाला कार्यालयात कशाला बोलवायचं, असं त्या म्हणाल्या. बरोबर लॅपटॉपवर लिहून घेणारा एक माणूस होता आणि कंपनीचा वकील. बाई चोख होत्या. इंधनाचा त्यांचा अभ्यास पक्का होता. वकिलाला त्यांनी दारातच दोन प्रश्न विचारून घाम फोडला होता. उन्हात मेथॅनॉल पेटलं तर ज्वाळा दिसत नाही, मग पंपावरच्या पोराला कळणार कसं? लहान मूल पाणी समजून प्यायलं तर? वकील "पुस्तिकेत आहे" असं म्हणत राहिला.

वडील खुर्चीत ताठ बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती; आज दुकान तिने उघडलं नव्हतं. लेक भिंतीशी उभी होती. रात्रभर तिने काय काय बोलायचं हे ठरवलं होतं आणि सकाळी त्यातलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. बापाने खरं सांगितलं तर आपण नाही म्हणायचं, की मान खाली घालायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"घाबरू नका," बाई वडिलांना म्हणाल्या. "तुमच्या जबाबावर बरंच अवलंबून आहे. काम करताना तुमच्या अंगावर इंधन सांडलं होतं का? खड्ड्यात वाफ होती का? तुम्हाला जे आठवतं ते सांगा. माझा रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास नाही."

बाईंना ते शेड नीट तपासायचं होतं, हे त्यांच्या आवाजावरून लहान मुलालाही कळलं असतं. दार उघडं होतं. वडिलांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"लिहा," वडील म्हणाले. "मी प्यायलो होतो."

लिहिणाऱ्या माणसाची बोटं थांबली.

"कामावर?"

"घरी आणून. पिंपातलं थोडं बाटलीत भरून आणलं आणि दारूत घातलं. जास्त चढते असं ऐकलं होतं. खड्ड्यात वाफबिफ काही नव्हती. दिवा हिरवा होता."

"आजवर तर तुम्ही नाही म्हणत होतात."

"लाज वाटत होती."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग पुन्हा वडिलांकडे. त्यांच्यासारखीला काहीतरी खटकलं असणारच. पण समोरच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि त्यापुढे विचारायला जागा नव्हती. वकिलाने पेन पुढे केलं. बाईंनीच वडिलांचा हात धरून कागदावर योग्य जागी नेला, आणि त्यांनी सही केली. सही कागदावरून उतरून थोडी टेबलावर गेली.

माणसं गेली. जिन्यावर वकील फोनवर कुणाला तरी "झालं, झालं, उत्तम" असं सांगत असल्याचं वरपर्यंत ऐकू आलं. लेक तशीच भिंतीशी उभी राहिली. आई आत गेली होती. आतून नळाचा आवाज आला, मग भांड्याचा, मग काहीच नाही.

थोड्या वेळाने आई कोमट पाण्याचं तसराळं घेऊन बाहेर आली. ते तिने वडिलांच्या पायाशी ठेवलं, समोर बसकण मारली आणि त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. महिनाभर नखं कापलेली नव्हती आणि त्यांच्याखाली अजून काळं ग्रीस होतं.

"पाण्यात हात बुडवतेय," ती म्हणाली. "कोमट आहे. दचकू नका."

वडिलांचे खांदे एकदम खाली आले. इतके की लेकीला वाटलं ते खुर्चीवरून घसरतायत.

आई एकेक नख कापत गेली. कापून झालेल्या बोटावरून आपला अंगठा फिरवून धार राहिली नाही ना ते बघत होती. डोकं वर न करता ती लेकीला म्हणाली, "पिणं मी गिळेन एक वेळ. माझ्या भावाचं गिळलं होतंच की. पण तोंडावर खोटं बोललेलं मला नाही सहन होत. आज खरं बोलले. मोकळे झाले. हो ना हो?"

"हो," वडील म्हणाले.

"थांबा, टॉवेल आणते."

आई उठून आत गेली. लेक पुढे आली आणि त्यांच्या खुर्चीशी वाकली.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी नाही," वडील शांतपणे म्हणाले. ओला हात त्यांनी समोर तसाच धरून ठेवला होता. "मला अजून ह्या घरात राहायचंय."

आई टॉवेल घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?"

"काही नाही," लेक म्हणाली, आणि आईला बसायला जागा व्हावी म्हणून बाजूला झाली.